पहिली ट्रायथलॉन: आधी सगळं सलग करून बघावं का? (रविवारी केलं, त्याचा वृत्तांत)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. वय ४१, राहणार कोल्हापूर. आधी पळायला लागले, मग सायकल आली, गेल्या उन्हाळ्यात पोहण्याचा क्लास लावला आणि आता तीन आठवड्यांनी पहिली ट्रायथलॉन आहे. ऑलिंपिक अंतराची, म्हणजे १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी पळणं. तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या कितीतरी वेळा झाल्यात, पण एकापाठोपाठ एक, ओल्या अंगानं, घड्याळ न थांबवता कधीच केल्या नव्हत्या. म्हणून ठरवलं की रविवारी सगळं अगदी खऱ्यासारखं करायचं. तेच कपडे, तीच सायकल, तोच नाश्ता (पहाटे ४.३० ला दोन केळी आणि गूळ घालून नाचणीची खीर), सगळं तेच.

पोहायला राजाराम तलाव. रोज सकाळी तिथे येणारे दोघं पट्टीचे पोहणारे बरोबर होते, एकाच्या कमरेला केशरी फुगा. एकटीनं मी उतरले नसते आणि कुणी उतरूही नये. काठावर ताडपत्री अंथरून तिच्यावर सायकल, बूट, हेल्मेट, बाटल्या मांडल्या आणि तिथे सासूबाई बसल्या, मांडीवर वही, हातात काठी (कुत्र्यांसाठी). दीर मोटरसायकलवरून मागून येणार होता. ६.३६ ला पाण्यात शिरले.

टँकवर मी १.५ किमी ३६ मिनिटांत करते, इथे लागली ४४. घड्याळ म्हणतं मी १.७८ किमी पोहले! पाव किलोमीटरच्या वर जास्त, कारण सरळ गेलेच नाही. टँकमध्ये तळाला काळी रेघ असते, इथे खाली बघितलं की नुसता हिरवा अंधार, आणि मी दर वेळी डावीकडे सरकत होते हे बरोबरच्या काकांनी ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. पहिल्या दोनशे मीटरमध्ये तर छातीत इतकं धडधडलं की दोनदा उताणी होऊन पडून राहिले. दम लागला नव्हता, भीती होती. मग नाकातोंडानं पाण्यात पूर्ण श्वास सोडायचा हे क्लासमधलं आठवलं आणि हळूहळू लय सापडली.

बाहेर आले आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. ओल्या पायाला चिखल, त्यावर मोजा चढेना. टाचेपाशी अडकला तो अडकलाच. हेल्मेटचं बक्कल लावताना बोटं इतकी थरथरत होती की तो टक् आवाज येईपर्यंत चार वेळा प्रयत्न केले. सायकलचा टप्पा हायवेनं उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव करत कागलकडे आणि परत. सर्व्हिस रोडच्या एका स्पीडब्रेकरवर मागची बाटली उडाली, ती थेट ट्रकखाली. उरलेल्या एका अर्ध्या लिटरच्या बाटलीवर १ तास ३८ मिनिटं काढली. खायला शेंगदाण्याची चिक्की घेतली होती, घरी बसून खाताना छान लागते, पण धापा टाकत चावायची म्हणजे श्वास घेऊ की चावू असं होतं, एक कण घशात गेला आणि खोकत खोकत मला थांबावं लागलं.

परत येऊन बूट बदलून पळायला लागले तर पाय माझे नव्हतेच. गुडघ्याखाली कुणीतरी लाकडं बांधलीत असं वाटत होतं. मला वाटलं मी रांगतेय, घड्याळ बघितलं तर ६.२० चा पेस (किलोमीटरला ६ मिनिटं २० सेकंद)! माझा नेहमीचा ७ चा. सायकलच्या लयीत पाय भराभर पडत होते आणि अंदाजच लागत नव्हता. सहाव्या किलोमीटरला त्याची भरपाई केली, वर उजव्या टाचेला फोड, कारण मोज्यात तलावाची वाळू राहिली होती. शेवटचे चार किमी चालत पळत.

सासूबाईंची वही अशी: पाण्यात ६.३६, बाहेर ७.२०, सायकलवर ७.२७, परत ९.०५, पळायला ९.०९, शेवट १०.२३. एकूण ३ तास ४७ मिनिटं. वही माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "ही मधली सात मिनिटं काय करत होतीस गं?"

त्या सात मिनिटांसाठीच हा धागा काढला. माझं मत असं झालंय की पहिल्या शर्यतीआधी प्रत्येकानं एकदा तरी सगळं क्रमानं करून बघावंच. दम किती आहे ते मला आधीच माहीत होतं, बाटली उडते, मोजा चढत नाही, चिक्की चालत नाही, हे मात्र कुठल्याच सुट्या सरावात कळलं नसतं. आता प्रश्न: तीन आठवडे उरलेत, अजून एकदा पूर्ण करू का? अनुभवी लोकांनी जरूर सांगा.

घाटवेडा

वा! पहिल्याच वेळी ३.४७ आणि तेही फोड घेऊन, मनापासून अभिनंदन. आणि सासूबाईंना साष्टांग नमस्कार, असा टाइमकीपर नशिबानं मिळतो.

पण पूर्ण अंतर परत करण्याला माझा ठाम विरोध. पावणेचार तासांच्या श्रमातून शरीर सावरायला आठवडा सहज जातो आणि शेवटचे दहा बारा दिवस तर सराव कमी करायचा असतो, मग हातात उरतं काय? मी माझ्या पहिल्या मोठ्या शर्यतीआधी पंधरा दिवसांवर ९० किमी सायकल आणि त्यावर लगेच १८ किमी पळालो होतो, पोटरी धरली ती शर्यतीपर्यंत सुटली नाही. तुम्ही अर्ध्यावर करा, ७५० मीटर, २० किमी, ५ किमी, पण बाकी सगळं खरं, कपडे मांडण्यापासून बाटलीपर्यंत. तुमचे बहुतेक घोटाळे जोडाच्या जागी (एक टप्पा संपून दुसरा सुरू होताना) किंवा सामानामुळे झालेत, अंतरामुळे एकही नाही.

पायाचं लाकूड होण्यावर उपाय एकच, सायकलवरून उतरून लगेच पळणं, ज्याला आपण ब्रिक म्हणतो. आठवड्यातून एकदा, सायकल दीड तास आणि पळणं फक्त १५ ते २० मिनिटं. लांब पळायची गरज नाही, त्या पहिल्या दोन किलोमीटरची पायांना ओळख व्हायला हवी एवढंच. सायकलचे शेवटचे पाचसात मिनिटं गिअर हलका करून पाय फिरवा, आणि पळताना पहिला किलोमीटर मुद्दाम, ठरवून, हळू. भावनेवर नाही, घड्याळावर.

कृष्णाकाठचा

पोहण्याबद्दल बोलतो कारण तेच माझं. वय ६३, सांगलीचा, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून कृष्णेत शिकलो, त्यामुळे टँकमधल्या काळ्या रेघेची सवयच नाही. ताई, तुम्ही डावीकडे सरकता म्हणजे बहुतेक एकाच बाजूला श्वास घेताय, उजवीकडे ना? दोन्ही हातांची ओढ सारखी होत नाही आणि बघायला रेघ नाही, म्हणून वाट वाकडी होते. उपाय म्हणजे दर सहा ते आठ हातांनी समोर बघायचं. पण डोकं आख्खं बाहेर काढायचं नाही, मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढायचे, दिशा बघायची आणि त्याच झटक्यात मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. डोकं जास्त वर काढलं की कंबर बुडते आणि मग ओढत बसावं लागतं. खूण म्हणून बोया (वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेला फुगा) शोधू नका, लाटेत तो दिसत नाही, त्याच्या मागची उंच वस्तू पकडा, झाड, टॉवर, इमारत काहीही.

दुसरं म्हणजे तुम्ही निवांत उतरलात, खऱ्या दिवशी आजूबाजूला पन्नास शंभर माणसं असणार. कुणाचा हात तोंडावर बसतो, कुणाची लाथ. चार पाच मित्रमैत्रिणी गोळा करा आणि एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून शंभर मीटर पोहा, दहा वेळा. एकदा सवय झाली की छाती धडधडत नाही. गॉगलची पट्टी टोपीच्या आत घाला, म्हणजे लाथ बसली तरी गॉगल पाण्यात जाणार नाही. आणि घाबरलात तर केलंत तेच बरोबर, उताणं व्हायचं, आकाश बघायचं, श्वास बसला की पुढे.

रंकाळाकाठ

@कृष्णाकाठचा काका, अगदी बरोबर ओळखलंत, उजवीकडेच श्वास घेते! मगरीसारखे डोळे हे आता डोक्यात पक्कं बसलं.

@घाटवेडा पटलं. अर्ध्यावर करते. पण पहिल्यांदा पूर्ण केल्याचा मला पस्तावा नाही हेही सांगते, कारण चौथ्या तासाकडे जाताना माझं डोकं कसं चालतं ते मला बघायचं होतं. सातव्या किलोमीटरला सोडून द्यावंसं वाटलं आणि सोडलं नाही, ते आता माझ्याजवळ आहे. ते अर्ध्या अंतरात मिळालं नसतं.

घाटवेडा

हे मान्य. ऑलिंपिकला तीन आठवडे आधी एकदा पूर्ण केलेलं चालतं, त्याहून लांब शर्यत असेल तर मात्र कुणी करू नये, तुकड्यांनीच सराव.

औषधपाणी

थोडं गंभीर लिहितेय, पण लिहायलाच हवं. व्यवसायानं डॉक्टर आहे. ट्रायथलॉनमध्ये आजवर जे मृत्यू झालेत त्यातले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यातले आहेत, सायकल किंवा पळण्यातले नाहीत. म्हणून चाळिशीच्या पुढचे, बीपी शुगर असलेले, घरात हृदयविकार असलेले सगळे, आधी तपासून घ्या. आणि सराव म्हणून तलावात उतरताना बरोबर पोहता येणारं माणूस हवंच, काठावर बसलेला आणि पोहता न येणारा नवरा किंवा मित्र चालत नाही. धागाकर्तीनं हे नीट केलं म्हणून विशेष कौतुक. पावसाळ्यात गढूळ पाण्यात, पायाला जखम असेल तर, उतरू नका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) पेशंट दर वर्षी बघते.

आता पाण्याबद्दल. दीड तासावर अर्धा लिटर आपल्या हवेत कमी पडतं हे खरं, पण काही जण घाबरून उलट टोकाला जातात आणि नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पितात. घामातून मीठ गेलेलं असताना फक्त पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि ते धोक्याचं ठरू शकतं. तहान लागेल तसं प्या आणि त्यात मीठ असू द्या. ओआरएसचं पाकीट वापरणार असाल तर जे २०.५ ग्रॅमचं असतं ते पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरमध्ये आख्खं पाकीट ओतणारे खूप बघितलेत, ते चुकीचं आहे. खाण्याचं म्हणाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं बहुतेकांना पुरतात. एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात, त्यावरून हिशोब करा. मुख्य म्हणजे पोटालाही सराव लागतो, जे शर्यतीत खाणार ते आधी चार पाच वेळा सायकलवर खाऊन बघितलेलंच हवं.

नवखा_लातूरकर

वाचून अंगावर काटा आला. मला पण करायची आहे पण आमच्याकडे पोहायला तलाव नाही की बरोबर कुणी नाही, एक २५ मीटरचा टँक आहे तोही सकाळी तासभर. मग मी हा सराव करायचाच नाही का?

कृष्णाकाठचा

करायचा की. टँकमध्ये भिंतीला हात लावायचा नाही आणि पायानं ढकलायचं नाही, भिंतीच्या अलीकडेच वळायचं. २५ मीटरच्या टँकला १५०० मीटर म्हणजे साठ फेऱ्या, प्रत्येक वळणाला भिंतीची फुकटची ढकल मिळते, ती काढून घेतली की तलावातलं पोहणं किती जड असतं ते टँकमध्येच कळतं. मधे मधे डोळे मिटून आठ हात मारा आणि उघडून बघा कुठे गेलात, पण लेन रिकामी असेल तरच. शर्यतीच्या आधी एकदा तरी मात्र उघड्या पाण्यात उतराच, शर्यतीच्या गावी दोन दिवस आधी जावं लागलं तरी.

घाटवेडा

आणि टँकच्या पार्किंगमध्ये सायकल लावून ठेवा, वॉचमनला सांगून. बाहेर आलात की अंग न पुसता सरळ सायकलवर. लातूरला हे सहज जमेल, फक्त रहदारी सुरू व्हायच्या आत.

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्याकडे मिरामारला २०१९ पासून (२०२० आणि २०२१ सोडून) आयर्नमन ७०.३ ही शर्यत होते (१.९ किमी समुद्रात, ९० सायकल, २१.१ पळणं) त्यामुळे दर वेळी बाहेरगावची मंडळी आदल्या आठवड्यात येऊन पोहताना दिसतात. समुद्राचं वेगळं आहे. लाट अंगावर येते तेव्हा तिच्या खालून जायचं, वरून नाही. खारं पाणी तोंडात जातंच, ते गिळलं की पुढे सायकलवर पोटात ढवळतं, हे आधी अनुभवलेलं बरं. खारट पाण्यानं मान आणि काख घासून सालटी निघतात, व्हॅसलीन भरपूर लावा, पण आधी गॉगल घाला आणि मग व्हॅसलीनला हात लावा, नाहीतर काचेला तेलकट बोट लागून काही दिसत नाही.

७०.३ करणाऱ्यांनी वेळेची मर्यादा डोक्यात ठेवून सराव करावा. पोहणं १ तास १० मिनिटांत, सायकल संपेपर्यंत एकूण साडेपाच तास, आणि सगळं साडेआठ तासांत. त्यात मधली मिनिटंही धरलेली असतात, सात अधिक चार म्हणजे अकरा मिनिटं कुणाची तरी शर्यत तिथेच संपवू शकतात.

फ्रांकफुर्टकर

इकडे उलटी तऱ्हा, पाणी इतकं थंड की वेटसूटशिवाय शक्य नाही आणि तो ओला सूट घोट्यातून काढणं हाच वेगळा खेळ. मी बाथटबमध्ये बसून सूट घालून काढायचा सराव केला, दहा वेळा. बायको मोबाइलवर वेळ लावत होती. तुमच्याकडे निदान ते नाही, मोजाच काय तो.

पिवळा_जाकीट

दोन तीन शर्यतींना स्वयंसेवक म्हणून सायकलच्या जागेवर उभा होतो, तिथून जे दिसतं ते लिहितो. नवीन माणसाचा सगळ्यात जास्त होणारा घोळ म्हणजे स्टँडवरची सायकल आधी हातात घेणं आणि हेल्मेट नंतर. नियम उलटा आहे: आधी हेल्मेट, बक्कल लावलेलं, मग सायकलला हात. परत आल्यावर सायकल जागेवर अडकवली की मगच बक्कल उघडायचं. यावर दंड बसतो आणि घाईत माणूस विसरतोच, त्यामुळे सरावात हा क्रम हाताला लागला पाहिजे. जमिनीवर एक रेघ असते, तिच्या पुढे गेल्याशिवाय सायकलवर बसायचं नाही, येताना तिच्या आधी उतरायचं. ताडपत्रीसमोर खडूनं एक रेघ ओढून घ्या आणि तेवढं सायकल हातात धरून पळा. शर्यतीचा नंबर कमरेच्या पट्ट्याला लावायचा, सायकलवर असताना पाठीमागे, पळताना पुढे. कानात इअरफोन चालत नाहीत, गाणी ऐकत सराव करणाऱ्यांनी आत्तापासून सोडावी.

मोज्यासाठी: मोजे आदल्या रात्री अर्धे उलटून, आत टाल्कम पावडर टाकून बुटात ठेवा, म्हणजे पायाची बोटं आत गेली की नुसतं वर सरकवायचं. शेजारी एक उथळ घमेलं पाणी ठेवा, त्यात दोन्ही पाय एक एकदा बुडवायचे, वाळू तिथेच राहते, मग टॉवेलवर उभं राहायचं. घमेलं शर्यतीत ठेवू देतात की नाही ते आधी विचारा, नाही म्हणाले तर जास्तीची बाटली पायावर ओता. लेस बांधायच्या ऐवजी इलॅस्टिकच्या लेस लावून टाका, शेदीडशेत मिळतात.

रंकाळाकाठ

अकरा दिवसांनी परत लिहितेय. आज सकाळी अर्ध्या अंतराचा सराव केला.

चिक्की गेली. त्याऐवजी बिया काढलेला खजूर थोडं मीठ लावून लाटला, त्याच्या लहान वड्या करून सायकलच्या पुढच्या पिशवीत. उकडलेल्या बटाट्याला मीठ लावूनही बघितलं, ते मला खजुरापेक्षा आवडलं पण हाताला चिकटतं. बाटलीच्या स्टँडला जुन्या ट्यूबची रबरी पट्टी कापून आडवी बांधली, त्याच स्पीडब्रेकरवरून मुद्दाम तीनदा गेले, बाटली जागची हलली नाही. उजवी डावी दोन्हीकडे श्वास घ्यायचा प्रयत्न चालू आहे, डावीकडे अजून पाणी जातं तोंडात, पण पलीकडच्या काठावरचं झाड धरून पोहले तर ७५० चे फक्त ७९० झाले. घमेल्यात पाय बुडवले, पावडरचे मोजे सर्रकन चढले. हेल्मेट मात्र पहिल्या प्रयत्नात विसरले! सायकल हातात घेतली आणि सासूबाई ताडपत्रीवरून ओरडल्या, "डोकं, डोकं!" त्यांना मी नियम वाचून दाखवला होता, त्यांच्या लक्षात राहिला आणि माझ्या नाही. मग ओल्या अंगानं तेवढंच पाच वेळा परत केलं, पाण्यातून धावत यायचं, पाय, मोजे, बूट, हेल्मेट, टक्, मग सायकल. शेवटच्या वेळी २ मिनिटं ५० सेकंद.

पळायला उतरल्यावर पाय अजून लाकडी होतात, पण आता ओळखीचे लाकडी. पहिला किलोमीटर ७.२० नं धरला, दुसऱ्याच्या शेवटी पाय आपले झाले. फोड नाही.

कृष्णाकाठचा

७९० म्हणजे फारच सुधारलं. एक राहिलं, गर्दीचा सराव. शनिवारी कोल्हापूरला येतोय, बरोबर चार जण आणतो. जमेल का?

नवखा_लातूरकर

मी येऊ का? रात्रीच्या एसटीनं निघून पहाटे पोचतो.

रंकाळाकाठ

या की! शनिवारी ६.१५, तलावाच्या काठावर, निळी ताडपत्री दिसेल. टोपी भडक रंगाची आणा. लातूरकर, तुमचा नाश्ता आमच्याकडे, फक्त पोहायच्या आधी काय चालतं ते सांगा, सासूबाई विचारतायत.